तसबिरीची पाठ

साहित्यचर्चेत 'चौकट' हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. कथनाची चौकट, सैद्धांतिक चौकट, संस्कृतीची चौकट. ज्या लाकडी वस्तूवरून हा शब्द आपल्याकडे आला, ती मात्र भिंतीवर धूळ खात असते आणि तिच्याविषयी बोलणे हे घरकामाच्या सदरात मोडते. कांटने 'क्रिटीक ऑफ जजमेंट'मध्ये चित्राच्या चौकटीची गणना कलाकृतीच्या बाहेरील अलंकरणात केली. देरिदाने १९७८ च्या आपल्या चित्रविषयक ग्रंथात या विभागणीवरच बोट ठेवले आणि चौकट धड आतली नाही, धड बाहेरचीही नाही, हे दाखवून दिले. हा वाद वर्गात शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी आपल्या घरातल्या आणि महाविद्यालयातल्या तसबिरींकडे एकदा पाहावे, असे आम्हांला सुचवायचे आहे. चित्राला होणारा बहुतेक अपाय चौकटीच्या वाटेने होतो आणि त्यापासूनचे रक्षणही तीच करते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की तसबीर पुसणे आणि तसबीर जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्याकडे पहिले काम श्रद्धेने होते आणि दुसरे होतच नाही. एवढेच नव्हे, तर पहिल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान होते.

जयंती-पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी ग्रंथालयातल्या थोरांच्या तसबिरी उतरवल्या जातात किंवा दिवाळीच्या सफाईत घरातले पूर्वजांचे फोटो काढले जातात, तेव्हा काय घडते ते पाहावे. काचेवर पाणी किंवा बाटलीतले द्रावण थेट फवारले जाते आणि ओले फडके चारही कडांना दाबून फिरवले जाते. काच ज्या खाचेत बसलेली असते, त्या खाचेत हे पाणी ओघळते. तेथून ते कागदात शोषले जाते आणि खालच्या कडेला तपकिरी लाट उमटते. जुन्या छायाचित्रांच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. तो ओलाव्याने फुगतो आणि काचेला चिकटतो. मग कोणी तरी तो फोटो सोडवू पाहतो आणि आजोबांचा अर्धा चेहरा काचेवर राहतो. असा फोटो ओढू नये. काचेसकट तसाच ठेवावा आणि जाणकाराकडे न्यावा.

योग्य रीत अवघड नाही. तसबीर भिंतीवरून उतरवून सपाट जागी, खाली जाड कापड घालून ठेवावी. चौकटीवरची धूळ मऊ केसांच्या कोरड्या ब्रशाने वरून खाली झटकावी. कोरीव नक्षीत फडके अडकून कपच्या निघतात. काचेसाठी फडके ओलसर करावे, काच नव्हे, आणि कडेपासून बोटभर जागा सोडून पुसावे. काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा असेल, तर अमोनिया किंवा अल्कोहोल असलेले द्रावण टाळावे, कारण त्याने तो धुरकटतो आणि त्यावर सूक्ष्म तडे जातात. सोनेरी चौकटीस पाणी अजिबात लावू नये. खऱ्या वर्खाखाली सरसाचा आणि मातीचा थर असतो, तो पाण्याने विरघळतो आणि सोने फडक्याबरोबर निघून येते. काळवंडलेली सोनेरी चौकट तशीच राहू द्यावी. त्यावर बाजारातला सोनेरी रंग फासला की मूळ काम कायमचे बुजते आणि तो रंगही पुढे काळा पडतो.

आतापर्यंतचे सारे दर्शनी बाजूचे झाले. खरी हानी मागे होते आणि मागे कोणी पाहत नाही. जुन्या चौकटींना मागून लाकडी फळ्या किंवा हलका पुठ्ठा ठोकलेला असतो. त्यातील आम्ल हळूहळू चित्राच्या कागदात उतरते, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. दोन फळ्यांमधल्या फटीतून हवा आणि धूळ शिरते, आणि काही दशकांनी त्या फटीची गडद रेघ चित्राच्या दर्शनी बाजूवर उमटते. कधी लाकडातली गाठसुद्धा उमटते. दमट हवेत, विशेषतः बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या तसबिरीत, सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली, की बुरशी धरते. कसर आणि वाळवी मागूनच येतात. यावर उपाय स्वस्त आहेत. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून अंतर ठेवावे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाठ तपासावी. मागचा पुठ्ठा बदलताना आम्लरहित घ्यावा. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची कड असावी, म्हणजे कागद काचेला टेकत नाही. तसबीर थेट उन्हात किंवा चुलीच्या वर लावू नये.

मराठी घरांत आजही राजा रविवर्म्यांची मुद्रिते टिकून आहेत. १८९४ साली गिरगावात सुरू होऊन पुढे मळवलीस गेलेल्या त्यांच्या छापखान्यातून शिळाछाप पद्धतीने निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे सामान्यांच्या देवघरात पोचली. काहींवर घरच्या बायकांनी जर, टिकल्या आणि कापड लावून देवतांना वस्त्रालंकार चढवले. छापखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला. छापील चित्रे एकसारखी, पण त्यांवरचे हे जरीकाम मात्र एकेकच आहे. ते काचेला टेकलेले असेल, तर प्रत्येक पुसण्यात थोडे थोडे चिरडते.

येथे एक रास्त आक्षेप येतो. आपल्या घरातली तसबीर ही संग्रहालयातली वस्तू नव्हे. तिला हार घालतात, काचेवर गंध लावतात, उदबत्ती ओवाळतात. हे सारे थांबवून तिला जपायचे, तर जपले ते काय? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. गंध काचेवर लागावे, काच त्यासाठीच आहे. वाळलेले गंध दुसऱ्या दिवशी किंचित ओलसर फडक्याने निघते. ओला हार चौकटीच्या कडेवर दिवसच्या दिवस सडू न देणे आणि उदबत्ती हातभर दूर ठेवणे, एवढ्याने पूजेत काही उणे येत नाही. आमचा विरोध वापराला नाही, न पाहता केलेल्या स्वच्छतेला आहे.

दुसरा आक्षेप आजचा आहे: चित्र स्कॅन करून ठेवले, मग कागदाची काळजी कशाला? पण स्कॅन होते ती दर्शनी बाजू. पाठीवर चौकट करणाऱ्याच्या दुकानाची चिठ्ठी असते, पेन्सिलीने लिहिलेले नाव असते, लग्नाची तारीख असते, आधार म्हणून घातलेले जुने वर्तमानपत्र असते. पुठ्ठा बदलताना ही सामग्री सर्वांत आधी केरात जाते आणि मग चित्रातल्या व्यक्ती निनावी होतात. मराठीत 'पाठ' हा शब्द मागच्या बाजूसाठी आहे आणि संहितेसाठीही. साहित्याच्या अभ्यासकाला याहून वेगळे काय सांगावे? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली (सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले), तेव्हा मूळ संहितेबाहेर ठेवलेले पाठही टाकून दिले नाहीत, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवले. घरच्या तसबिरीबाबत एवढी शिस्त सहज पाळता येते. जुनी पाठ काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, चिठ्ठ्या पाकिटात घालून चौकटीसोबत ठेवाव्यात, आणि नवे काही चिकटवायचे झाल्यास पुढे सोडवता येईल असेच चिकटवावे. चित्रावर थेट सेलोटेप लावणे हा तर अपराध आहे, त्याचा डाग कागदात कायमचा मुरतो.

आमची सूचना माफक आहे. प्रत्येक मराठी विभागात लेखकांच्या काही तसबिरी असतात. येत्या जयंतीला भाषणांपूर्वी अर्धा तास काढून त्या उलट्या कराव्यात, पाठीवर काय लिहिले आहे ते विद्यार्थ्यांकडून टिपून घ्यावे, बुरशी आणि कसर पाहावी, आणि मगच कोरडा ब्रश हाती घ्यावा. हस्तलिखिताच्या समासातील नोंदींवर प्रबंध लिहिणाऱ्यांना भिंतीवरच्या वस्तूची मागची बाजू वाचावीशी वाटत नसेल, तर त्यांची चिकित्सा पुस्तकापुरतीच राहिली, असेच म्हणावे लागेल.