खाट मिळाली, घास कोण भरवणार?

सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यास २९ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रारंभ झाला. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी त्यामुळे मिळाली आणि रुग्णालयातील भोजनाचा खर्चही त्यात धरलेला आहे. मात्र ताट खाटेपर्यंत पोहोचणे आणि घास पोटात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यातील दुसरीची जबाबदारी आपल्याकडील बहुतेक रुग्णालयांत कोणावरच निश्चित केलेली नसते.

सर्वसाधारण वॉर्डातील दुपार पाहावी. ताट येते तेव्हा सोबतचा नातेवाईक औषधे आणायला खाली गेलेला असतो. आजोबांच्या एका हाताला सलाईन, कवळी डबीत, चष्मा उशीखाली. तासाभराने मावशी तसेच भरलेले ताट उचलून नेतात. केसपेपरवर औषधांच्या वेळा, रक्तदाब, लघवीचे प्रमाण असे सारे असते. रुग्णाने किती खाल्ले, याची नोंद क्वचितच आढळते.

‘सलाईन चालू आहे, म्हणजे पोटाला आधार आहे’ हा समज तर घरोघरी आहे. प्रत्यक्षात साध्या सलाईनमध्ये उष्मांक शून्य असतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतून मिळणारी ऊर्जा जेमतेम एका पोळीइतकी, आणि प्रथिने अजिबात नाहीत. आजारी वृद्धाला मात्र दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या व्यक्तीसाठी हा हिशेब किमान साठ ग्रॅमचा होतो. एक अंडे किंवा पेलाभर दूध सुमारे सहा ग्रॅम देते. आजाऱ्यासाठी प्रेमाने केली जाणारी साबुदाण्याची पेज म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट!

याची किंमत स्नायूंना मोजावी लागते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. ही माणसे आजारी नव्हती आणि उपाशीही नव्हती. न्यूमोनिया बरा होऊनही आजी पुन्हा चालत का नाहीत, या कुटुंबीयांना पडणाऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे आहे.

आहाराकडे लक्ष दिल्याने फरक पडतो, याचा पुरावाही आता हाती आहे. स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. आहारतज्ज्ञाने प्रत्येकासाठी वेगळी आखणी केलेल्या गटात तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सात टक्के होते. नेहमीच्या जेवणावर असलेल्या गटात ते दहा टक्के होते.

श्रीमंत देशांत हा प्रश्न सुटला आहे, असे मात्र नाही. ‘एज कन्सर्न’ या संस्थेने २००६ मध्ये ब्रिटनमधील रुग्णालयांत वृद्ध उपाशी राहत असल्याचे चव्हाट्यावर आणले. मिड स्टॅफर्डशायर प्रकरणातील २०१३ च्या फ्रान्सिस अहवालात तर रुग्णांचा हात पोहोचणार नाही अशा जागी अन्न-पाणी ठेवले जात असल्याची नोंद आहे. तेथील अनेक रुग्णालयांनी एक साधा तोडगा काढला: ज्यांना भरवावे लागते, त्यांचे ताट लाल रंगाच्या ट्रेमधून द्यायचे. तो ट्रे भरलेला परत निघाला, तर परिचारिकेच्या चटकन लक्षात येते.

आपल्याकडे लेक, सून किंवा पैसे देऊन ठेवलेली आया ही उणीव भरून काढते आणि व्यवस्था निर्धास्त राहते. करोनाकाळात नातेवाइकांना वॉर्डाची दारे बंद झाली, तेव्हा ही निर्धास्ती किती पोकळ आहे हे उघड झाले. शिवाय भरवणाऱ्याला शिकवतो कोण? आडव्या पडलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी ओतले जाते, ठसका लागतो आणि अन्नाचा अंश फुप्फुसात जाऊन नवा न्यूमोनिया उद्भवतो. रुग्णाला ताठ बसवणे, लहान चमच्याने भरवणे, आधीचा घास गिळल्याची खात्री करणे, जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवणे, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. पातळ पदार्थाने ठसका लागत असेल, तर तो दाटसर करावा की नाही, हे मात्र तज्ज्ञाला विचारलेले बरे. भरवायला वेळ नाही म्हणून नाकातून नळी घालण्याकडेही कल दिसतो. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवावे, अशी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची शिफारस आहे.

या कामाला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाला वजनकाट्यावर उभे करता येत नसेल, तर शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा घेर मोजता येतो. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही धोक्याची खूण मानली जाते. दाखल होतानाचे आणि घरी जातानाचे वजन किंवा हा घेर, असे दोन आकडे विम्याच्या दाव्यासोबत देणे बंधनकारक करण्याचा निर्णय योजना राबविणारी यंत्रणा एका परिपत्रकाने घेऊ शकते.