वाचनातून लेखनाकडे

पुण्याची मूळ वस्ती मानल्या जाणाऱ्या कसबा पेठेलगत, बुधवार पेठेत, पुणे नगर वाचन मंदिर आहे; १८४८ साली ज्यांच्या पुढाकाराने हे ग्रंथालय सुरू झाले, त्या गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांनी त्याच वर्षी मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘शतपत्रे’, म्हणजे समाजातील दोषांची चिकित्सा करणारे पत्ररूप निबंध, लिहिण्यास आरंभ केला. हा योग विचार करण्याजोगा आहे, कारण वाचनाने प्रश्न जागे होतात आणि नियतकालिकाची ठरावीक मुदत ते प्रश्न शब्दांत मांडण्यास भाग पाडते. सर्जनशीलता, म्हणजे परिचित सामग्रीतून नवा अर्थ घडवण्याची क्षमता, स्फूर्तीच्या प्रतीक्षेपेक्षा नियमित वाचनावर आणि लेखनाच्या शिस्तीवर अधिक पोसली जाते, हीच प्रस्तुत अंकामागील भूमिका आहे.