मोबाइल कुठं टेकवलाय?

संध्याकाळी सातच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुरा, गारखेडा किंवा सिडकोतल्या कुठल्याही जिममध्ये डोकावावं. मोबाइल कशासाठी लावलाय, हे त्याच्या जागेवरूनच कळतं. समोर, जमिनीलगत, डंबेलला टेकवून थोडा वर कललेला असेल तर ती रीलची तयारी. त्या कोनातून मांड्या भरदार दिसतात, चेहरा दिसतो, मागच्या भिंतीवरचा रंगीत दिवाही दिसतो. बाजूला, आठ-दहा फुटांवर, कमरेएवढ्या उंचीवर ठेवलेला असेल, तर त्या माणसाला स्वतःची चूक शोधायची आहे असं समजावं. त्या चित्रणात रुबाब औषधालाही सापडत नाही. चेहरा वजनाच्या चकतीआड गेलेला असतो, टी-शर्ट वर सरकलेला असतो आणि पोट जसं आहे तसं समोर येतं.

रुबाब दिसतो त्या कोनातून चूक सहसा दिसत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये पंचांना बसवतानाच हे ध्यानात घेतलेलं आहे. तीन पंच असतात, एक समोर आणि दोन बाजूंना. स्क्वॉट करताना खुब्यापाशी मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्याखाली जायला हवा, असा नियम आहे. तो पाळला गेला की नाही, हे समोरून नीट कळतच नाही. तिथं बाजूच्या पंचांची नजर लागते. आपल्या जिममध्ये पंच नसतात, मित्र असतात. सेट संपवून धापा टाकत एकजण विचारतो, “पूरा बैठा ना रे मैं?” मित्र “हौ” म्हणून मोकळा होतो. पुढचा सेट त्याचा असतो आणि त्यालाही हेच विचारायचं असतं.

यात खोटेपणा कुणाचाच नसतो. करणाऱ्याला खरंच वाटत असतं की आपण पूर्ण बसलो. सांधे आणि स्नायू मेंदूला शरीराच्या ठेवणीची खबर देत असतात, पण वर्षानुवर्षं वाकून बसलेल्या माणसाला वाकलेली पाठच सरळ वाटू लागते. त्यात थकवा आला की अंदाज आणखी ढळतो. दहातले पहिले चार रेप बरे जातात, सातव्यानंतर कंबर गोल व्हायला लागते, आणि नेमकं तेव्हाच करणाऱ्याचं सगळं लक्ष आकडा पुरा करण्याकडे असतं. आरशाचा उपयोग अर्धाच. समोरचा आरसा समोरचंच दाखवतो. बाजूच्या आरशात बघायला मान वळवली की जी ठेवण बघायची तीच बदलते.

शरीराची हालचाल डोळ्यांना नीट दिसत नाही, ही अडचण जुनी आहे. एडवर्ड मायब्रिज यांनी 1878 मध्ये कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली, तेव्हा कुठं घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात हे पुराव्यानिशी कळलं. पुढं 1887 मध्ये त्यांनी 781 चित्रफलकांचा संग्रह काढला, त्यात माणसांच्या उड्या, कुस्ती, वजन उचलणं, सगळं क्रमाक्रमानं आहे. मराठीतही व्यायाम कागदावर उतरवण्याचं मोठं काम झालं. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहून तो व्यायाम घरोघरी पोचवला.

पण पुस्तकातलं चित्र एका स्थितीचं असतं, आणि सूर्यनमस्कारातली बरीचशी गडबड दोन स्थितींच्या मधल्या वाटेवर होते. हात जमिनीला टेकताना गुडघा घाईनं मागं जातो, छाती खाली नेताना कंबर आधी झोल खाते, वर येताना मान ताठरते. फोटो काढला तर दहाही स्थिती ठीक वाटतील. घराच्या गच्चीवर बाजूनं मिनिटभराचा व्हिडिओ घेतला की चोरी पकडली जाते. जोरांचंही तसंच. तालमीत हा मधला भाग बघायला वस्ताद असायचा, आणि तो बोलायचा कमी, हाताला धरून दुरुस्त जास्त करायचा.

संभाजीनगरात तलवारबाजी चांगली रुजलेली आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) इथल्या केंद्रात देशभरातली मुलं हा खेळ शिकायला येतात. या खेळात डोळ्यांची मर्यादा नियमातच मान्य केलेली दिसते. सेबर प्रकारात एकाचा वार नोंदला गेल्यावर दुसऱ्याचा वार 170 मिलिसेकंदांच्या आत झाला तरच यंत्र तो धरतं. दोन्ही दिवे लागले की आक्रमण आधी कुणाचं, हे ठरवायला मोठ्या स्पर्धांत पंच सरळ व्हिडिओकडे वळतात. साध्या मोबाइलमध्ये सेकंदाला 30 चौकटी टिपल्या जातात, म्हणजे त्या 170 मिलिसेकंदांत जेमतेम पाच. 240 चौकटींच्या स्लो मोशनमध्ये चाळीस मिळतात. स्क्वॉट किंवा डेडलिफ्टला दोन-तीन सेकंद लागतात, तिथं साधं चित्रण पुरतं. स्लो मोशनचा हट्ट धरणाऱ्यांना बहुधा पार्श्वसंगीत जोडायचं असतं.

कॅमेऱ्याला सगळं दिसतं, असंही नाही. सांगलीच्या संकेत सरगरनं जुलै 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण विजेत्याचे 249 होते. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात 139 किलो वर नेताना संकेतच्या कोपराला दुखापत झाली. ते दृश्य मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं. हात कसा सुटला ते त्यात दिसतं. कोपराच्या आतल्या बंधांवर त्याआधी किती ताण येत होता, ते कुठल्याच कोनातून दिसत नाही. म्हणून दुखतंय म्हटल्यावर व्हिडिओ बघत बसू नये, फिजिओथेरपिस्ट गाठावा. व्हिडिओ त्यांना दाखवायला सोबत न्यावा, तो उपयोगी पडतो.

आता तर अॅपच चूक सांगतात. गुगलनं 2020 मध्ये आणलेली ‘ब्लेझपोझ’ ही प्रणाली एका कॅमेऱ्यातून शरीरावरचे 33 बिंदू ओळखते, त्यावरून गुडघ्याचा, कमरेचा कोन काढता येतो. मात्र कॅमेऱ्यापासूनची खोली तिला अंदाजानंच धरावी लागते. सैल पायजमा, अंधारी जिम, मधे आलेला रॅक यांनी बिंदू हलतात. तिच्यावर डोळे मिटून विसंबावं, असं अजून तरी वाटत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. विन्स्टीन आणि श्मिट या अमेरिकी संशोधकांनी 1990 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना हातानं लिव्हर ठराविक तऱ्हेनं हलवायला शिकवलं. काहींना प्रत्येक वेळी निकाल दाखवला, काहींना निम्म्याच वेळा. नंतरच्या चाचणीत निम्म्या वेळा बघणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. दर वेळी उत्तर हातात मिळालं की माणूस स्वतःच्या शरीराकडे लक्ष देणं सोडतो, असा त्यामागचा तर्क. प्रत्येक सेटनंतर मोबाइलकडे धावणाऱ्यांसाठी हा इशारा पुरेसा आहे. शेवटचा, सगळ्यात जड सेट टिपावा. तो घरी जाऊन बघावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बघावी: टाच उचलते का, किंवा दांडा पावलाच्या मध्यावर राहतो का. सगळंच बघायला गेलं की शेवटी केस नीट होते की नाही, तेवढंच बघितलं जातं.

अडचण उरते ती शेजाऱ्यांची. गर्दीच्या वेळी चौकटीत आपल्याबरोबर आणखी चारजण येतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. महिलांच्या बॅचमध्ये तर हा प्रश्न रोजचा आहे. मोबाइल भिंतीकडे तोंड करून ठेवला, जागा कोपऱ्यातली घेतली आणि शेजारणीला आधी सांगितलं, की बहुतेक वेळा भागतं. पहाटे गोगाबाबा टेकडीवर किंवा विद्यापीठाच्या परिसरात व्यायाम करणाऱ्यांची यातून सुटका आहे. तिथं जागा भरपूर आणि उजेड चांगला. फक्त कमरेएवढ्या उंचीवर मोबाइल ठेवायला धड आधार सापडत नाही, मग कट्ट्यावर पाण्याची बाटली, तिच्यावर रुमाल आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून मागं एक दगड.