निदानाची मजुरी

जुनी पिकअप गाडी विकत घेणारा मनुष्य बहुधा हौसेखातर ती घेत नाही. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट वाशीला पोहोचविणारा, रत्नागिरीची मासळी आंबा घाट चढून कोल्हापुरास नेणारा, किंवा तालुक्याच्या गावी सिमेंट आणि पत्रे यांच्या भाड्यावर प्रपंच चालविणारा जो इसम घरचे सोने गहाण ठेवून अथवा फायनान्सचा हप्ता शिरावर घेऊन आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी दारात आणतो, त्याच्या लेखी ती गाडी शेतजमिनीइतकेच मोलाचे भांडवल असते. आणि म्हणूनच ‘गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’ ही त्याची तक्रार ऐकणाऱ्याने गांभीर्याने घेतली पाहिजे. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १४ किलोमीटरऐवजी १० किलोमीटर देऊ लागली, तर सुमारे ८६ लिटर डिझेल अधिक जळते, आणि लिटरचा भाव अवघा ९० रुपये धरला तरी साडेसात हजारांहून अधिक रक्कम दरमहा, कोणतीही पावती मागे न ठेवता, हातातून जाते.

ही तूट ध्यानात आल्यावर पुढे जे घडते तेच मला अधिक चिंतेचे वाटते. गाडी गॅरेजात जाते, मिस्त्री धूर पाहतो, आवाज ऐकतो आणि नोझल बदलावे लागतील असे सांगतो. नोझल बदलून गुण येत नाही तेव्हा पंपाचे काम निघते, पंपानंतर टर्बोची पाळी येते, आणि इतके सगळे होऊन गाडी पूर्वीइतकेच डिझेल खाते तेव्हा मालक नशिबाला किंवा पेट्रोलपंपवाल्याला दोष देऊन स्वस्थ बसतो. या प्रकाराला मिस्त्रीची लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सुट्या भागाची किंमत आणि तो बसविण्याची मजुरी आपण देतो. परंतु दोन तास गाडीखाली निजून, चाके फिरवून, मोजमाप करून, ‘यात बदलण्यासारखे काही नाही, ब्रेक तेवढे धरून राहिले आहेत’ असे सांगणाऱ्यास त्या दोन तासांचे मोल देण्याची वहिवाट आपल्याकडे जवळजवळ नाहीच. ज्या धंद्यात निदानाला दाम नाही, तेथे भाग बदलून पाहणे हीच निदानाची पद्धत होऊन बसते, आणि तिचा सगळा भुर्दंड गाडीच्या मालकावर पडतो.

निदानाचा आरंभ हिशेबापासून व्हावयास हवा, कारण गाडी खरोखरच अधिक डिझेल जाळते की तसा केवळ भास होतो, याचा निकाल काट्याकडे पाहून लागत नाही. एकाच पंपावर, सपाट जागी गाडी उभी करून, नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, मीटरचा आकडा वहीत लिहावा, तीनचारशे किलोमीटर नेहमीच्या मार्गावर गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर त्याच रीतीने टाकी भरून जितके लिटर बसले त्यांनी अंतराला भागावे. डिझेलला फेस येत असल्यामुळे नळी कधी लवकर बंद पडते, म्हणून एका भरण्यावर भिस्त न ठेवता निदान तीन भरण्यांची सरासरी काढणे इष्ट. पंपाच्या मापाविषयी शंका असेल तर पंपावर ठेवलेल्या, वैधमापन विभागाचा शिक्का असलेल्या पाच लिटरच्या मापात डिझेल मोजून मागण्याचा हक्क ग्राहकास आहे. त्या मापात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे शेकडा अर्धा. आपल्या उदाहरणात तूट शेकडा सुमारे २९ आहे. पाच लिटरचे माप पुरे भरले, तर पंपावरचा राग सोडून गाडीकडे वळावे.

अंतराचीही अशीच खातरजमा करावी लागते. पूर्वीच्या मालकाने मूळ मापापेक्षा मोठे टायर चढविले असतील आणि त्यांचा व्यास शेकडा पाचने अधिक असेल, तर प्रत्यक्ष १०५ किलोमीटर कापूनही मीटर शंभरच दाखवितो, आणि निर्दोष गाडी हिशेबात उगाच दोषी ठरते. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी वीस-पंचवीस किलोमीटर मीटरचा ताळा पाहिला की हा संशय फिटतो.

त्यानंतर मार्गाचा विचार, आणि या बाबतीत लोक एकमेकांच्या गाड्यांची जी तुलना करतात ती मला फार अनर्थकारक वाटते. नारायणगावहून माळशेज उतरून वाशीस जाणारी गाडी भरलेली असताना घाट उतरते आणि रिकामी असताना चढते. रत्नागिरीहून कोल्हापुरास जाणारी गाडी भरलेली असताना चढते. मालासह तीन टन वजनाची गाडी सहाशे मीटर उंच नेण्यास, इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भागच कामी येतो हे ध्यानात घेता, केवळ त्या चढणीपायी दीड लिटरच्या आसपास डिझेल लागते, आणि उतरताना ही शक्ती ब्रेकच्या उष्णतेत विरून जात असल्यामुळे तिचा परतावा बहुतांशी मिळत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा प्रमाण न मानता, आपल्याच गाडीचा, आपल्याच मार्गावरचा, आपल्याच वहीतला मागील आकडा प्रमाण मानावा. परवान्याहून अधिक माल भरता यावा म्हणून कमानीला वाढविलेले जादा पाटे, हौद्यावर उभारलेला उंच लोखंडी पिंजरा, वाऱ्यावर फडफडणारी सैल ताडपत्री यांचाही जाब याच वहीने मागावा. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने चालविलेल्या उंच पिंजऱ्याच्या गाडीला तो जवळजवळ पावणेदोन पट सोसावा लागतो.

इतके होऊनही तूट उरली तर मग गाडीखाली जावे, आणि जाताना स्वस्त ते आधी हा क्रम सोडू नये. टायरमधील हवा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेल्या आकड्याप्रमाणे, आणि मागच्या टायरांत भाराच्या मानाने आहे की नाही. टायर एका कडेने झिजतो आहे का, म्हणजे अलाइनमेंट बिघडली आहे का. जॅकवर उचललेले प्रत्येक चाक हाताने सहज फिरते का. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हँडब्रेकची गंजलेली केबल किंवा अडकलेला पिस्टन चाकाला सदैव किंचित धरून ठेवतो, आणि ब्रेक फारसा न वापरता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबविलेल्या गाडीचे एखादे ड्रम इतरांहून पुष्कळ अधिक तापलेले आढळले, तर नोझलची चर्चा तेथेच थांबवावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने ओढत नाही, असा अनुभव असेल तर क्लचप्लेट घसरते आहे.

थर्मोस्टॅटविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडील एक मामूल त्याच्या मुळाशी आहे. इंजिन तापते अशी तक्रार आली की रेडिएटर साफ करण्याऐवजी थर्मोस्टॅटच काढून फेकून देण्याचा उपाय कित्येक गॅरेजांत सर्रास केला जातो. इंजिन ८० अंशांच्या आसपास येईतो पाण्याला रेडिएटरकडे जाण्याची वाट बंद ठेवणे हे त्या लहानशा झडपेचे काम. ती काढली की थंडीच्या दिवसांत, विशेषतः रिकाम्या फेरीत, इंजिन पुरते तापतच नाही, थंड तेलाचे घर्षण वाढते, संगणकावर चालणारे इंजिन आपण थंड आहोत अशा समजुतीने अधिक डिझेल सोडीत राहते. तापमानाचा काटा अर्ध्या तासानंतरही खालीच रेंगाळत असेल, तर काही शेकड्यांत मिळणारी ही वस्तू परत बसविणे हाच त्यावरचा इलाज होय.

एअर फिल्टरला मात्र लोक वाजवीपेक्षा अधिक दोष देतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचण्यांत, संगणक-नियंत्रित पेट्रोल गाड्यांचा फिल्टर तुंबल्याने गाडीचा जोर घटला, इंधनाच्या खर्चात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, असे दिसून आले. डिझेल गाडीत काळा धूर आणि ओढ कमी होणे ही लक्षणे असतील तर फिल्टर पाहावाच, परंतु त्याहून आधी टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर गेली आहे का ते पाहावे. नोझलची परीक्षाही ते बदलण्यापूर्वी करता येते: प्रत्येकाच्या परतीच्या नळीला लहान बाटली लावून इंजिन चालविले असता ज्याची बाटली इतरांहून लवकर भरते तो दोषी, चारही सरसकट बदलण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. गावातल्या गावात लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती वारंवार भरते, आणि ती काजळी जाळण्यास इंजिन जादा डिझेल खर्च करते. अशा गाडीला अधूनमधून महामार्गावर सलग चालविणे हे औषधच होय.

या तपासणीला अर्धा दिवस आणि जाणता माणूस लागतो. त्या माणसाचे वेतन कोणी द्यावयाचे, हा माझ्या मते खरा सार्वजनिक प्रश्न आहे. मालकाने तपासणीची रक्कम वेगळी द्यावी, आणि मिस्त्रीने दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा आकडा सहीनिशी लिहून द्यावा. शासनासही यात दोन गोष्टी करता येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मेकॅनिक डिझेल हा अभ्यासक्रम शिकविला जातो. तेथील शिक्षक व विद्यार्थी यांच्या हातून, मुकर्रर शुल्क घेऊन आणि कोणताही सुटा भाग न विकता, अशा गाड्यांची तपासणी करून लेखी अहवाल देण्याची सोय प्रत्येक तालुक्यात व्हावी. आणि दर पासिंगच्या वेळी मीटरचा आकडा नोंदवून, मालकी बदलताना २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरले जातात त्यांच्यासोबत, त्या सर्व नोंदींचा उतारा खरेदीदाराच्या हाती पडावा, म्हणजे मीटर मागे फिरवून विकलेली गाडी पैसे मोजण्यापूर्वीच ओळखता येईल.