तुमची 'चिल' प्लेलिस्ट वाजवतंय कोण?

सबमिशनची रात्र, घड्याळात दोन आणि कानात 'चिल' नाव असलेली एखादी प्लेलिस्ट. आता सांगा, मागची तीन गाणी कोणाची होती? नाही ना आठवत? मलाही आठवली नसती. संगीताच्या धंद्यातला सध्याचा एक मोठा वाद नेमका या न आठवण्यावर उभा आहे.

स्वीडनच्या 'डागेन्स न्युहेटर' या दैनिकाने २०२४ मध्ये योहान रोर या संगीतकाराची गोष्ट छापली. या एकाच माणसाने साडेसहाशेहून जास्त नावांनी २,७०० च्या वर ट्रॅक स्पॉटिफायवर आणलेत आणि ते १५ अब्ज वेळा ऐकले गेलेत! पुढे अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी 'मूड मशीन' (२०२५) या पुस्तकात मांडलं की, स्वस्तात पडणारं असं संगीत प्लेलिस्टमध्ये भरण्याला कंपनीत 'परफेक्ट फिट कंटेंट' असं नावच आहे. खोटे कलाकार आपण तयार करत नाही, असं स्पॉटिफायने पूर्वीच म्हटलंय. टोपणनावाने गाणी काढणं हा गुन्हाही नाही.

मग बिघडतं कुठे? वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एकाच गल्ल्यात जमतात आणि कोण किती ऐकलं गेलं त्यावर वाटले जातात. त्यातून २०२४ पासून नियम असा की, वर्षभरात १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. म्हणजे प्लेलिस्टमधली जागा गेली की खोलीत बसून डाउनटेम्पो बनवणाऱ्या पोराचं सगळंच गेलं. रॅपरचा आवाज कोणी बदलला तर तुम्ही लगेच ओरडाल. संथ, बिनशब्दांच्या संगीतात माणूस बदलला तरी पत्ता लागत नाही, कारण त्याचा वॉलपेपर आपणच केलाय.

मीही तेच केलं. टेक्सासच्या ख्रुआंगबिन या त्रिकुटाचा 'आ ला साला' (एप्रिल २०२४) मी असाइनमेंट टाइप करताना ऐकला होता. 'छान आहे' यापलीकडे काही सांगता आलं नसतं. मग एकदा लोकलमध्ये, फोन खिशात टाकून ऐकला. लॉरा ली ओचोआचा बेस गाणं चालवतो, मार्क स्पीअरची गिटार दोन वाक्यं बोलून गप्प बसते आणि डीजे जॉन्सनचा ड्रम एकही ठोका फुकट घालवत नाही. एकमेकांचं ऐकत वाजवणारी तीन माणसं कळतात. उत्तरार्ध जरा एकसुरी होतो, पण 'मे नाइन्थ' कसलं भारी आहे!

असं एखादं आवडलं तर बँडकॅम्पवर विकत घ्या. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्केच ती साइट ठेवते.

परवा मी माझ्या प्लेलिस्टमधल्या दहा नावांवर टॅप करून बघितलं. चौघांचा फोटो नाही, माहिती नाही, कुठे लाइव्ह वाजवल्याची खूण नाही. त्यातलं एक माझं सगळ्यात लाडकं होतं.