चढायचे डावीकडून, बसायचे दोन्हीकडे पाय टाकून

आपल्या वस्त्यांमध्ये आता घरटी एक गाडी दिसते. कोणी हप्त्यावर घेतली, कोणी सेकंडहँड. गाडी घेताना ॲव्हरेज विचारले जाते, हप्ता किती बसतो ते विचारले जाते, रंग पाहिला जातो. गाडीवर बसायचे कुठून आणि उतरायचे कुठून, हे मात्र कोणी कोणाला शिकवत नाही. 'त्यात काय शिकायचं? टांग टाकली अन् बसलं,' असे आपण म्हणतो. पण पोटरीला सायलेन्सरचा चटका, उभ्या गाडीखाली दबलेले पोराचे पाऊल, चाकात गेलेला पदर, उतरता उतरता मागून आलेल्या गाडीची धडक ही सगळी दुखणी याच चढण्या-उतरण्यातून येतात. म्हणून या पानावर आज हाच विषय. माझे म्हणणे सरळ आहे. गाडीवर डावीकडूनच चढावे आणि डावीकडूनच उतरावे, गाडी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही. आणि आपल्या आया-बहिणींनी एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसणे आता बंद करावे.

डावीकडूनच का, याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण रस्त्याचे. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. गाडी थांबवली की आपल्या डाव्या हाताला रस्त्याची कड असते आणि उजव्या हाताला धावती वाहने. उजवीकडे उतरणारा माणूस ट्रकसमोर, ऑटोसमोर पाय ठेवतो. एस.टी.चे प्रवासी दार डावीकडे असते तेही याच कारणाने.

दुसरे कारण स्टँडचे. साइड स्टँड डाव्या बाजूला असतो, म्हणजे उभी गाडी डावीकडे कललेली असते. डावीकडून सीट थोडी खाली येते, टांग टाकायला सोपे जाते. उजवीकडून तीच सीट उंच होते. त्या बाजूने फुटरेस्टवर भार दिला की गाडी स्टँडवरून उठते आणि चढणाऱ्याच्या अंगावर येते. शंभर-सव्वाशे किलोचे लोखंड पायावर पडले की हाड राहत नाही.

तिसरे कारण सायलेन्सरचे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. काही मोठ्या गाड्यांना तो दोन्ही बाजूंना असतो, पण आपल्या घरांतल्या गाड्या त्या नव्हेत. गाडी अर्धा तास चालली की सायलेन्सर इतका तापतो की उघडी पोटरी क्षणभर टेकली तरी कातडी सोलून निघते. उजवीकडून उतरणारा पाय नेमका त्याच्यावरून खाली येतो.

यावर कोणी म्हणेल, 'आमच्या गल्लीत डावीकडे नाली आहे, मग उतरायचं कुठं? नालीत?' प्रश्न खरा आहे. वस्तीतल्या गल्ल्या अरुंद, एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूला भिंत. याला उपाय आहे. गाडी घरासमोर अडवून धरायची नाही, चार हात पुढे मोकळ्या जागी थांबवायची, माणूस उतरवायचा, मग गाडी आत घ्यायची. कोणाचा डावा गुडघा दुखतो आणि डाव्या पायावर सगळा भार झेपत नाही, अशांना गल्लीच्या आत, दुसरी वाहने नसताना, गाडी थंड असताना उजवीकडून बसवले तर हरकत नाही. पण ती सवलत गल्लीपुरतीच. रस्त्यावर नाही. घाईत माणूस विचार करून उतरत नाही, सवयीने उतरतो. म्हणून सवय एकच असावी.

डावी बाजू सुरक्षित म्हणजे डोळे मिटून उतरावे असेही नाही. अमरावतीच्या इर्विन चौकात काय किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर काय, डावीकडून घुसणारे सायकलवाले आणि गाडीवाले कमी नाहीत. उतरण्याआधी मान वळवून एकदा मागे पाहा, मग पाय खाली ठेवा.

आता क्रम. चालवणारा पहिला बसेल आणि शेवटी उतरेल. त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे, ब्रेक दाबून धरायचा, स्टँड वर घ्यायचा आणि मग म्हणायचे, 'बस.' मागे बसणाऱ्याने डावीकडून यायचे, डावा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा, डावा पाय फुटरेस्टवर देऊन उजवा पाय पलीकडे टाकायचा. नीट बसल्यावर 'हो' म्हणायचे, त्यानंतरच गाडी हलेल. उतरताना उलट. गाडी पूर्ण थांबली, चालवणाऱ्याचे दोन्ही पाय टेकले, 'उतर' म्हटले, मगच हलायचे. आपल्याकडे मागचा माणूस गाडी चालू असतानाच उडी मारतो आणि पोट्टे त्याला हुशारी समजतात. ती हुशारी नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी ओट्याजवळ किंवा पायरीजवळ घ्या, म्हणजे पाय फार उंच उचलावा लागत नाही. आजीला 'लवकर बस न' म्हणून ओरडू नका. तिचा तोल जातो तो गुडघ्यामुळे जितका, तितकाच आपल्या घाईमुळे.

आपल्या वऱ्हाडासाठी आणखी एक गोष्ट. आपली जमीन काळी. पावसाळ्यात या मातीत साइड स्टँड हळूहळू रुतत जातो आणि उभी गाडी पडते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की डांबरही मऊ पडते, त्यातही स्टँड रुततो. स्टँडखाली चपटा दगड किंवा विटेचा तुकडा ठेवा. जास्त वेळ उभी करायची असेल तर मेन स्टँडवर लावा. आणि गल्लीत गाडी लावताना सायलेन्सरची बाजू भिंतीकडे ठेवा. गल्लीत लहान मुले खेळतात, ती धावत येऊन तापलेल्या सायलेन्सरला भिडतात. सायलेन्सर भिंतीकडे असला तर डावी बाजू गल्लीकडे मोकळी राहते, आणि बसायलाही तीच बाजू हवी असते. किल्ली काढून घ्या. उभ्या गाडीवर मुलांना खेळू देऊ नका.

चटका बसलाच तर काय करावे? चटक्यावर टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, बर्फ यातले काहीही लावू नका. नळाखाली किंवा गार पाणी सावकाश ओतत वीस मिनिटे तो भाग धरा. नळाला पाणी नसेल तर रांजणातले ओता. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेला सुती कपडा सैल गुंडाळा. चटका तळहातापेक्षा मोठा असेल, लहान मुलाला बसला असेल, किंवा माणूस मधुमेही असेल तर घरी थांबू नका, दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तिथेच विचारा. अमरावतीत इर्विन आणि अकोल्यात सर्वोपचार ही सरकारी रुग्णालये आपल्याच करातून चालतात, तिथे जायला संकोच कशाचा? मधुमेह जुना असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव कमी होते. त्याला चटका बसलेला कळतही नाही, आणि तीच जखम पुढे चिघळते. अशा माणसाने गाडीवर चपलेऐवजी बूट आणि लांब पँट घालावी आणि घरी आल्यावर पाय पाहावेत.

आता बायांच्या बसण्याविषयी, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे. आपल्या बाया डावीकडूनच बसतात. ती सवय चांगली आहे, पुरुषांनी ती त्यांच्याकडून घ्यावी. पण त्या दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसतात. अशा बसण्यात शरीराचा भार एका अंगाला जातो आणि गुडघ्यांनी सीट धरता येत नाही. गतिरोधकावर गाडी उसळली की बाई मागे पडते, आणि डोके आपटते. मांडीवर लेकरू असले तर दोघेही जातात. पदर, ओढणी चाकात किंवा चेनमध्ये गेली तर गळ्याला फास बसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ काय म्हणतो ते माहीत असू द्या. मागे बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटरसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फुटरेस्ट हवा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण हवे, ज्याने बसणाऱ्याचे कपडे चाकात जाणार नाहीत. यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. कायद्याने दिलेले हे आवरण आपलीच पोरे 'गाडी खराब दिसते' म्हणून काढून टाकतात. सेकंडहँड गाडीला तर ते बहुधा नसतेच. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, अकोल्याच्या धम्म मेळाव्याला आपल्या बाया पांढरी साडी नेसून याच गाड्यांवर मागे बसून निघतात. ती साडी चाकात जाऊ नये ही जबाबदारी गाडीच्या मालकाची आहे.

'बाईनं टांग टाकून बसणं बरं दिसत नाही,' असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. मला विचारायचे आहे, कोणाला बरे दिसत नाही? आपल्या आज्या-पणज्या काष्ट्याचे लुगडे नेसून दिवसभर शेतात निंदत होत्या, कापूस वेचत होत्या. काष्टा असतोच कशासाठी? दोन्ही पाय मोकळे राहावेत म्हणून. त्या वेळी मर्यादा गेली नाही, मग गाडीवर बसताना कशी जाईल? २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडे नेसण्याची जुनी रीत सोडायला सांगितली होती. कपडा नेसण्याची रीत बदलता येते आणि ती माणसाच्या भल्यासाठी बदलायची असते, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको.

म्हणून सलवार, पँट घालणाऱ्या मुलींनी तर दोन्हीकडे पाय टाकूनच बसावे. साडीवर बसायचे असेल तर आत लेगिंग घाला, निऱ्या थोड्या वर घ्या, पदर कमरेला खोचा, ओढणी मागे न सोडता गाठ मारून घ्या. काही कारणाने एका बाजूलाच बसावे लागले, बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर गाडीऐवजी ऑटो करा. तेही शक्य नसेल तर पाय फुटरेस्टवर, हात मुठीवर आणि गाडी अगदी सावकाश. मांडीवर बाळ घेऊन एका बाजूला मात्र कधीच बसू नका.

अमरावती-अकोला महामार्गाचे वेगळे बोलले पाहिजे. जून २०२२ मध्ये या महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता चांगला झाला तशी गाड्यांची गती वाढली. अशा रस्त्यावर फोन आला म्हणून, पाणी प्यायचे म्हणून कडेच्या पांढऱ्या रेघेवरच गाडी उभी करून उजवीकडे उतरणे म्हणजे जीव द्यायला उभे राहणे. बडनेरा असो, मूर्तिजापूर असो की बोरगाव मंजू, गाडी डांबराच्या खाली कडेला पूर्ण उतरवा, मगच डावीकडून खाली या आणि रस्त्याकडे पाठ करून गप्पा मारत उभे राहू नका.

हेल्मेटचेही तसेच. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट घालायला सांगते. कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो. आपण घरातले एकच हेल्मेट चालवणाऱ्याला देतो आणि पडते ती मागची बाई. दुसरे हेल्मेट हा खर्च आहे हे मला मान्य आहे. पण हेल्मेट नसल्याचा दंड १००० रुपये आहे, आणि डोक्याच्या मारानंतरच्या उपचाराचा खर्च कुटुंबाला वर्षानुवर्षे कर्जात घालतो.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून कायद्यात कलम १३४ अ आहे, तेव्हा घाबरून निघून जाऊ नका. रस्ते अपघातातील जखमींसाठी २०२५ पासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचाराची केंद्राची योजना आहे. रुग्णालयात तिचे नाव घेऊन विचारा.

हे सगळे वाचून विसरण्यासारखे आहे, म्हणून एक सुचवतो. रविवारी विहारात वंदना झाली की पंधरा मिनिटे काढा. अंगणात एक गाडी उभी करा. ज्या पोरांना गाडी येते त्यांनी बायांना, म्हाताऱ्यांना आणि मुलांना डावीकडून बसणे-उतरणे दोन-दोनदा करून दाखवावे. 'बस', 'हो', 'उतर' हे तीन शब्द सगळ्यांच्या तोंडी बसू द्या. त्याच वेळी प्रत्येक गाडीचे साडी गार्ड, मूठ आणि फुटरेस्ट तपासा. नसेल तर मेकॅनिककडून त्याच आठवड्यात बसवून घ्या. आणि ज्या मुलींचे वय अठरा झाले आहे त्यांना मागेच बसवून ठेवू नका, लायसन्स काढून द्या आणि हँडल त्यांच्या हाती द्या.