गिरणीचा चषक आणि खंडांचे विजेते

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीलगत वसलेल्या बाडा हिंदूराव या वस्तीचे नाव मूळचे कागलचे आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांनी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८३५ मधील खुनानंतर त्याचा टेकडीवरील वाडा घेतला. १८५७ च्या संग्रामात त्या वाड्याभोवती घनघोर लढाई झाली आणि पुढे तेथे रुग्णालय उभे राहिले. टेकडीखालच्या वस्तीला मात्र दुसरी ओळख मिळाली ती कापडाच्या गिरणीमुळे. १८८९ साली स्थापन झालेल्या दिल्ली क्लॉथ मिल्सचे, म्हणजेच डी.सी.एम.चे, माग येथे शंभर वर्षे चालले. आणि या गिरणीच्याच नावाने १९४५ साली सुरू झालेल्या फुटबॉल स्पर्धेत एके काळी आशिया खंडाचे विजेते दिल्लीला खेळायला येत असत.

ही गोष्ट आज सांगितली तर तरुण कार्यकर्त्याला खरी वाटणार नाही. तेहरानच्या ताज क्लबने एप्रिल १९७० मध्ये आशियाई विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत हापोएल तेल अवीवला हरवून खंडाचे अजिंक्यपद मिळवले. त्याच सुमारास ताजने दिल्लीतील डी.सी.एम. चषकही जिंकला. १९७३ साली उत्तर कोरियाचा डोक रो गांग हा संघ ईस्ट बंगालविरुद्ध या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. कलकत्त्यात १९७० च्या आय.एफ.ए. शील्डमध्ये तेहरानच्या पास क्लबवर ईस्ट बंगालने परिमल डे यांच्या एकमेव गोलाने मिळवलेला विजय बंगालमध्ये अजूनही लोककथेसारखा सांगितला जातो. त्या काळी आशियातील सर्वोत्तम क्लब आणि भारतातील सर्वोत्तम क्लब यांच्यातील अंतर नव्वद मिनिटांत कापता येईल एवढेच होते.

खुद्द आशियाई स्पर्धेची अवस्था मात्र त्याच वेळी बिकट झाली होती. १९६७ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत पहिली काही वर्षे इस्रायली क्लबांचे वर्चस्व होते. १९७१ साली बँकॉक येथील अंतिम सामन्यात बगदादच्या अल शुर्ता संघाने मक्काबी तेल अवीवशी खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच बहाल करण्यात आला. त्यानंतर स्पर्धाच बंद पडली, ती १९८५ पर्यंत. खेळात राजकारण आणू नये असा उपदेश करणारे या नकाराकडे बोट दाखवतात. परंतु त्याच दशकात युरोपच्या विजेत्या क्लबांनी किती वेळा नकार दिले, याचा हिशेब ते मांडत नाहीत.

तो हिशेब मांडण्यासारखा आहे. युरोप आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या विजेत्या क्लबांमधील सामने १९६० साली सुरू झाले. रिआल माद्रिदने मोंतेविदेओत पेन्यारोलशी बरोबरी साधली आणि माद्रिदमध्ये पाच विरुद्ध एक असा विजय मिळवला. पुढच्याच वर्षी पेन्यारोलने हा चषक जिंकला. १९६२ साली ब्राझीलच्या सान्तोसने लिस्बनमध्ये बेनफिकाला पाच विरुद्ध दोन असे नमवले. त्यांपैकी तीन गोल पेलेचे होते. १९६६ साली पेन्यारोलने रिआल माद्रिदला घरी आणि परदेशी दोन्हीकडे दोन-शून्य असे हरवले. गोदीतील आणि रेल्वेतील वस्त्यांमधून वर आलेली दक्षिण अमेरिकेची मुले जुन्या वसाहतवाल्यांच्या मैदानावर जाऊन त्यांना हरवत होती, हे त्या दशकाचे चित्र आहे.

मग मैदानावर हाणामाऱ्या सुरू झाल्या. १९६७ साली रासिंग आणि सेल्टिक यांच्यातील निर्णायक सामन्यात खेळाडूंना एकामागून एक बाहेर काढावे लागले. १९६९ साली ब्वेनोस आयरेस येथे एस्तुदियांतेसच्या खेळाडूंनी मिलान संघाला अक्षरशः रक्तबंबाळ केले. अर्जेंटिनात जन्मलेला, पण मिलानकडून खेळणारा नेस्तोर कोंबँ जखमी अवस्थेत असतानाच सक्तीच्या लष्करी सेवेच्या प्रश्नावरून अटकेत पडला. लष्करशहा ओंगानियाने दोषी खेळाडूंना तुरुंगात धाडले. देशातील कामगारांवर आणि विद्यार्थ्यांवर त्याच वर्षी कोर्दोबात गोळ्या झाडणाऱ्या राजवटीला राष्ट्राच्या अब्रूची आठवण फुटबॉलच्या मैदानावर झाली, हेही नमूद केले पाहिजे.

युरोपीय क्लबांना सबब मिळाली. १९७१ आणि १९७३ साली आयाक्सने, १९७४ साली बायर्नने, १९७७ साली लिव्हरपूलने, १९७९ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टने आपली जागा उपविजेत्यांना सोडली. १९७५ आणि १९७८ साली सामने झालेच नाहीत. हिंसेची भीती खरी होती, पण ती अर्धीच गोष्ट आहे. लांबचा प्रवास, अपुरे उत्पन्न आणि घरच्या स्पर्धांचे वेळापत्रक ही कारणे तितकीच वजनदार होती. ज्या सामन्यात पैसा नाही त्या सामन्याला इज्जत नाही, असा तो निर्णय होता. जगज्जेतेपदाची किंमत युरोपच्या हिशेबवहीत ठरू लागली.

हा पेच अखेर टोयोटा या मोटार कंपनीने सोडवला. १९८० च्या चषकापासून सामना एकच आणि तो टोकियोत खेळवण्याचे ठरले. पहिल्या सामन्यात उरुग्वेच्या नासियोनालने नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरवले. १९८१ साली झिकोच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला तीन-शून्य असे निष्प्रभ केले. १९८६ साली रुमानियाचा स्तेआऊआ बुखारेस्ट रिव्हर प्लेटकडून एका गोलाने हरला, आणि १९९१ साली युगोस्लाव्हिया फुटत असताना बेलग्रेडच्या रेड स्टारने चिलीच्या कोलो कोलोवर तीन गोलांनी मात केली. समाजवादी देशांच्या क्लबांनी या चषकावर नाव कोरण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

येथे एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या सामन्यांसाठी मैदान आशियाचे होते, प्रेक्षक आशियाचे होते, पैसा पुरवणारी कंपनीही आशियाची होती. फक्त संघ आशियाचा नव्हता. १९६० पासून २००४ पर्यंत ‘जगातील सर्वश्रेष्ठ क्लब’ ठरवताना आशिया आणि आफ्रिका यांना विचारण्याची गरज कोणालाही वाटली नाही. आणि २०१७ साली फिफाने त्या साऱ्या जुन्या विजेत्यांना मागील तारखेने जगज्जेते म्हणून मान्यता दिली! दोन खंडांचा निकाल पाच खंडांवर बंधनकारक झाला.

आशिया आणि आफ्रिका यांनी आपल्या परीने एक प्रयत्न केला होता. १९८६ पासून दोन्ही खंडांच्या विजेत्या क्लबांमध्ये आफ्रो-आशियाई चषकाचे सामने होऊ लागले. पहिला चषक दक्षिण कोरियाच्या देवूने मोरोक्कोच्या रबात येथील सैन्यसंघाला हरवून मिळवला. बांडुंगच्या भावनेचे हे फुटबॉलमधील रूप होते असे म्हणता येईल, जरी ते बरेच उशिरा आले. त्याचा अंतही बोलका आहे. जुलै २००० मध्ये २००६ च्या विश्वचषकाच्या यजमानपदासाठी मतदान झाले. आशियाच्या चार प्रतिनिधींनी दक्षिण आफ्रिकेऐवजी जर्मनीला मते दिली, आणि बारा विरुद्ध अकरा अशा फरकाने विश्वचषक युरोपात गेला. संतापलेल्या आफ्रिकी महासंघाने आशियाशी असलेले हे सामने थांबवले. ही स्पर्धा पुन्हा सुरू झाली नाही. वर्णद्वेषी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या देशाशी केलेल्या या व्यवहाराची चर्चा आशियातील क्रीडासंघटनांनी कधी मोकळेपणाने केलेली नाही.

२००० साली ब्राझीलमध्ये आणि २००५ पासून नियमितपणे सर्व खंडांचे विजेते एकत्र येऊ लागले. २०१० साली काँगोच्या मझेंबेने अंतिम फेरी गाठली, २०१३ साली मोरोक्कोच्या राजाने, २०१६ साली जपानच्या काशिमाने. दार उघडले होते. पण तोवर दक्षिण अमेरिकेचे उत्तम खेळाडू विशीच्या आतच युरोपला निर्यात होऊ लागले होते. कॉफी आणि तांब्याप्रमाणे. साव पावलोच्या कामगारवस्तीत १९१० साली जन्मलेल्या कोरिंथियन्सने २०१२ साली चेल्सीला हरवले, त्यानंतर क्लबांचा विश्वचषक युरोपबाहेर गेलेला नाही. लष्करशाहीच्या छायेत याच क्लबातल्या खेळाडूंनी आपले निर्णय मतदानाने घेण्याची प्रथा पाडली होती. तिचे अध्वर्यू डॉ. सोक्रातेस डिसेंबर २०११ मध्ये वारले, आणि हा विजय त्यांना पाहता आला नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बत्तीस क्लबांचा विश्वचषक भरवण्यात आला. एकूण बक्षिसांची रक्कम एक अब्ज डॉलर होती. खेळाडूंच्या संघटनांनी वाढत्या कामाच्या ताणाविरुद्ध आधीच तक्रार नोंदवली होती. तिच्याकडे दुर्लक्ष करण्यात आले. चेल्सीने अंतिम सामन्यात पॅरिसला तीन-शून्य असे हरवले. पण या स्पर्धेत लक्षात राहावा असा गोल ऑकलंड सिटी या हौशी संघाच्या ख्रिश्चन ग्रे याचा होता. बायर्नकडून दहा गोल खाल्लेल्या या संघाचे खेळाडू पोटासाठी अन्यत्र नोकऱ्या करतात. ग्रे स्वतः शिक्षकाचे प्रशिक्षण घेत होता. त्याच्या गोलामुळे बोका ज्युनियर्ससारख्या बलाढ्य क्लबाला बरोबरी पत्करावी लागली. अब्ज डॉलरच्या या मांडवात तो एकच गोल सुट्टी काढून आलेल्या माणसाचा होता.

याच स्पर्धेत सौदी अरेबियाच्या अल हिलालने मँचेस्टर सिटीला चार विरुद्ध तीन असे बाहेर काढले. हाच अल हिलाल नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत येऊन मुंबई सिटीला दोन गोलांनी हरवून गेला होता. रियाधमध्ये त्याने सहा गोल केले होते. मँचेस्टर सिटी आणि मुंबई सिटी या दोन्ही क्लबांवर तेव्हा अबू धाबीच्या एकाच समूहाचे नियंत्रण होते. मुंबईवर आठ गोल चढले त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, मँचेस्टरने जेद्दाहमध्ये क्लबांचा विश्वचषक जिंकला. मालक एक, पण एका क्लबाने जग जिंकायचे आणि दुसऱ्याने बाजारपेठ राखायची, अशी ही श्रमविभागणी. त्यात मुंबईच्या खेळाडूंना दोष देणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२२ मध्ये याच क्लबाने इराकच्या हवाई दलाच्या संघाला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा पहिला विजय मिळवला होता. फातोर्ड्याच्या मैदानावर ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यानेही रोनाल्डोविना आलेल्या अल नस्रला केवळ एका गोलाच्या फरकाने जिंकू दिले.

तेव्हा प्रश्न गुणवत्तेपेक्षा मालकीचा आहे, आणि तो बाडा हिंदूरावच्या गिरणीपर्यंत मागे जातो. श्रीराम घराण्याने अनेक दशके ही स्पर्धा नेटाने चालवली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण चषकाला नाव देणारी संपत्ती मागांवर निर्माण झाली होती, आणि मागावरच्या माणसाला त्या चषकाच्या भवितव्याविषयी मत नव्हते. त्याला तर गिरणीच्या भवितव्याविषयीही नव्हते. १९८९ साली बाडा हिंदूराव येथील गिरणी बंद झाली. जमिनीची किंमत कापडापेक्षा जास्त झाली होती. गिरणगावातल्या मराठी वाचकाला ही कथा समजावून सांगण्याची गरज नाही. काही वर्षांत स्पर्धाही संपली. आज त्या जमिनीवर व्यापारी संकुल उभे आहे.

नंतरची यादी लांबलचक आहे. देशातील पहिली राष्ट्रीय लीग १९९७ साली फगवाड्याच्या जे.सी.टी. या कापडगिरणीच्या संघाने जिंकली. २०११ साली तो संघ मोडीत निघाला. २००६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड २०१० साली बंद करण्यात आला. २००८ साली आशियाई चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या गोव्याच्या डेंपोने २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. मुंबईचा रोव्हर्स चषक, १८९१ पासूनचा, या शतकाच्या आरंभी थांबला. दिल्लीची ड्युरँड स्पर्धा २०१९ साली कलकत्त्याला हलवली गेली. प्रत्येक वेळी निर्णय एखाद्या संचालक मंडळाने किंवा कार्यालयाने घेतला, आणि मैदानावर खेळणाऱ्यांना तो नंतर कळला.

मोहनबागान आणि ईस्ट बंगाल हे सभासदांच्या बळावर मोठे झालेले क्लब तगले. कोल्हापूरच्या पेठांतील तालमींतून उभे राहिलेले संघ, पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, आजही शाहू मैदान भरवतात, कारण ते बंद करण्याचा अधिकार पेठेखेरीज कोणालाच नाही. हिंदूरावांचे कागल तेथून हाकेच्या अंतरावर आहे. मात्र या संघांपासून राष्ट्रीय लीगपर्यंत जाणारी वाट कोणी बांधलेली नाही. फ्रँचायझीच्या व्यवस्थेत पेठेला जागाच ठेवलेली नाही.

जुलै २०२५ मध्ये अखिल भारतीय महासंघ आणि रिलायन्सप्रणीत कंपनी यांच्यातील कराराची मुदत संपत आल्यामुळे इंडियन सुपर लीग अनिश्चित काळासाठी स्थगित झाली. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. वर्षअखेरीस अबू धाबीच्या समूहाने मुंबई सिटीतून काढता पाय घेतला. गिरणीतली टाळेबंदी आणि ही स्थगिती यांत खेळाडूच्या घरी पडणारा फरक कोणता, हे सांगता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली असून तीत नामवंत माजी खेळाडूंना मताधिकार आहे. तो मताधिकार लीगच्या व्यापारी हक्कांच्या पुढील करारापर्यंत पोहोचतो का, आणि करार मोडला तर खेळाडूचा पगार कोण देईल हे त्या कागदावर आधी लिहिले जाते का, हे खेळाडूंच्या संघटनेने, तसेच दिल्ली, मुंबई आणि गोव्यातील कामगार संघटनांनी, आताच विचारावयास हवे.